इंदूरमधून सॉफ्टवेअरच्या मुलाखतीला निघताना: पहिल्या अर्जापासून ऑफर लेटरपर्यंत

सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत एका बैठकीत उरकत नाही. फ्रेशरला साधारण तीन ते पाच टप्पे पार करावे लागतात: ऑनलाइन टेस्ट, एक-दोन कोडिंग राऊंड, विषय आणि प्रोजेक्टवरचे प्रश्न, मग एचआर. दोन-तीन वर्षांचा अनुभव असेल तर ऑनलाइन टेस्ट कधीकधी वगळली जाते आणि सिस्टिम डिझाइनचा (मोठी यंत्रणा कशी उभारायची याचा) राऊंड वाढतो.

इंदूरच्या मराठी मुलामुलींचं अडतं ते बहुतेक वेळा कोडिंगमध्ये नाही. भंवरकुआं भागातल्या क्लासमध्ये असो की हॉस्टेलच्या खोलीत, प्रश्न भरपूर सोडवलेले असतात, पण मुकाट्याने. मुलाखत घेणाऱ्याला मात्र तुमच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकायचं असतं. उत्तर बरोबर येऊनही नकार आला, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं. म्हणून या लेखातली प्रत्येक तयारी तोंडाने, मोठ्याने करायची आहे असं धरून चाला.

१. आधी कागद जुळवा

कागदपत्रं शेवटी लागतात म्हणून शेवटी गोळा केली जातात. मग जॉइनिंग आठ दिवसांवर आलेलं असताना विद्यापीठाच्या खिडकीपाशी रांग लावावी लागते. आजच एक फोल्डर करा आणि यातलं प्रत्येक कागदपत्र नीट स्कॅन करून त्यात ठेवा:

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका
- सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका (बॅक राहिली असेल तर त्या सेमिस्टरच्या दोन्ही)
- पदवी प्रमाणपत्र, ते आलं नसेल तर प्रोव्हिजनल
- आधार, पॅन आणि असल्यास पासपोर्ट
- बँक पासबुकचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो
- अनुभव असेल तर रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक)

आता नावाकडे बघा. मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत हा घोळ फार आढळतो. गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव असतं, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. आधार काढताना कुणीतरी आपल्या पद्धतीने मधे वडिलांचं नाव घालतं. पॅनवर तिसरंच काही. त्यात देशपांडे, सहस्रबुद्धे, वैद्य अशा आडनावांची इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर बदलतात. कंपनीतर्फे पार्श्वभूमी तपासणारी संस्था अक्षरागणिक जुळणी करते आणि फरक दिसला की फाइल अडते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना, कारण ती बदलून घेणं सगळ्यात अवघड. आधार आणि पॅन तिच्याशी जुळवून घ्या. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरी केलेलं शपथपत्र तयार ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला जोडावा.

सीजीपीएचे (सगळ्या सेमिस्टरच्या सरासरी ग्रेड गुणांचे) टक्के करताना आपल्या विद्यापीठाने ठरवून दिलेलं सूत्रच वापरा. आरजीपीव्हीच्या (राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) मुलांनी देवी अहिल्या विद्यापीठाचं सूत्र लावलं किंवा उलट केलं, तर अर्जातला आकडा आणि कागदावरचा आकडा वेगळा पडतो. बऱ्याच मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्क्यांची अट ठेवतात. ५९.६ ला ६० लिहिणं ही तिथे चुकीची माहिती ठरते.

२. रेझ्युमे: एक पान, एकही पोकळ ओळ नको

फ्रेशरचा रेझ्युमे एका पानाचा, पीडीएफमध्ये. दोन रकाने, रंगीत पट्ट्या, कौशल्यांपुढचे पाच-पाच तारे, फोटो, हे सगळं काढून टाका. अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि रकान्यांच्या मांडणीत ते मजकूर उलटसुलट जोडतं. खात्री करायची सोपी रीत: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. तिथे जो क्रम दिसेल, साधारण तोच त्या सॉफ्टवेअरला दिसतो.

प्रोजेक्टच्या ओळीत काय बनवलं, कशात बनवलं आणि तुम्ही स्वतः काय केलं, या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. ‘चौघांच्या गटात लॉगिन आणि पेमेंटचा भाग मी लिहिला’ हे ‘ई-कॉमर्स वेबसाइट बनवली’ यापेक्षा कितीतरी वजनदार. गिटहबची लिंक देत असाल तर तिथे चालवून बघण्याच्या सूचना असलेली रीडमी फाइल हवी. पासवर्ड किंवा एपीआय की चुकून कोडमध्ये राहिली नाही ना, तेही बघा. ती नंतर पुसली तरी गिटच्या इतिहासात राहतेच, म्हणून राहून गेली असेल तर की रद्द करून नवी काढा.

रेझ्युमेत लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे प्रश्नाला आमंत्रण. डॉकर एकदाच चालवून पाहिलं असेल तर ते लिहू नका. सहा गोष्टी पक्क्या येणं हे सोळा गोष्टींची नावं माहीत असण्यापेक्षा बरं.

३. अर्ज कुठे करायचा आणि कुठे फसायला होतं

इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं आहेत, खंडवा रोडच्या बाजूला क्रिस्टल आयटी पार्क आहे, शिवाय विजय नगर-पलासियाच्या इमारतींमध्ये विखुरलेल्या पुष्कळ लहान कंपन्या. लहान कंपन्यांच्या जागा नोकरीच्या साइटवर येण्याआधी ओळखीतून भरल्या जातात. म्हणून कॉलेजच्या दोन-तीन वर्षं पुढच्या मुलांना लिंक्डइनवर थेट विचारा. निरोप आखूड ठेवा: कोणती जागा, तिचा क्रमांक, तुमची दोन कौशल्यं, रेझ्युमे जोडलेला. ‘दादा, काही असेल तर सांगा’ अशा निरोपाला समोरच्याने काय उत्तर द्यायचं?

सावध राहायच्या जागा तीन. पहिली, पैसे मागणारी नोकरी. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत, नाव काहीही असो, नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ईमेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का ते अक्षर न अक्षर वाचा.

दुसरी, बनावट अनुभव. दोन वर्षांचं अनुभवपत्र आणि पगाराच्या स्लिपा विकणारे सगळ्याच शहरांत आहेत. पीएफ खात्यात कोणत्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले हे यूएएनच्या नोंदीत दिसतं, आणि तपासणी करणारे तिथेच आधी बघतात. जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी पकडलं गेलं तरी नोकरी जाते. याच्या वाटेला जाऊच नका.

तिसरी, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारी कंपनी. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे असतात, देऊन यायचे नसतात. बाँडच्या नावाखाली गुणपत्रिका अडकवणाऱ्या ठिकाणी सही न करता परत आलात तर काही गमावलं असं समजू नका.

४. ऑनलाइन टेस्ट

वेळ बहुधा ६० ते १२० मिनिटांचा, त्यात दोन-तीन कोडिंगचे प्रश्न, काही ठिकाणी त्याआधी गणित, तर्क आणि इंग्रजीचे बहुपर्यायी प्रश्न. कॅमेरा चालू असतो, दुसरा टॅब उघडला की नोंद होते आणि काही ठिकाणी दोन-तीन वेळा तसं झालं की टेस्ट आपोआप बंद पडते. व्हॉट्सॲप वेब, अँटिव्हायरसची सूचना, आपोआप येणारं अपडेट, सगळं आधीच बंद करा.

सुरुवातीची पाच मिनिटं सगळे प्रश्न वाचण्यात घाला. मग प्रत्येक प्रश्नाखाली दिलेली मर्यादा बघा, कारण कुठली पद्धत चालेल हे तीच सांगते. साधं गणित धरा: एका सेकंदात सुमारे दहा कोटी सोप्या पायऱ्या होतात. खाली एन म्हणजे इनपुटचा आकार.

- एन २० पर्यंत: सगळे उपसंच तपासले तरी चालतं, ते साडेदहा लाखांच्या आत येतात.
- एन ५,००० पर्यंत: लूपमध्ये लूप चालतो, अडीच कोटी पायऱ्या.
- एन १ लाख: दुहेरी लूप गेला कामातून. सॉर्टिंग, हॅशमॅप (की दिली की तिची नोंद झटकन देणारा तक्ता), दोन पॉइंटर, हीप यांतलं काहीतरी हवं.
- एन त्याच्याही फार पुढे, अब्जांत: बायनरी सर्च किंवा निव्वळ गणित.

गुण बहुधा टेस्ट केसनुसार (तपासणीसाठी ठेवलेल्या इनपुटनुसार) मिळतात. चांगली युक्ती सुचत नसेल तर सावकाश चालणारं पण बरोबर उत्तर आधी लिहून जमा करा, अर्धे गुण पदरात पाडा, मग सुधारा. कोरा सोडलेला प्रश्न शून्यच.

बरोबर पद्धत असूनही टेस्ट केस नापास होतात तेव्हा कारणं ठरलेली असतात. जावामध्ये मोठा इनपुट स्कॅनरने वाचला की वेळ त्यातच संपतो, बफर्ड रीडर वापरा. पायथनमध्ये रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) मुळातली मर्यादा १,००० आहे, लांब साखळी आली की प्रोग्राम कोसळतो. आणि बत्तीस बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या वर काही मावत नाही, याचं उदाहरण खाली येतंच आहे.

५. कोडिंग राऊंड: इथे खरी परीक्षा

पाऊण ते एक तास, समोर एक किंवा दोन माणसं, एक सामायिक एडिटर आणि एखाद-दुसरा प्रश्न. घाईने टाइप करायला लागणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. एकच प्रश्न घेऊन पूर्ण वाट चालून बघू.

प्रश्न असा: संख्यांची यादी दिली आहे आणि एक संख्या के. सलग घटकांचे असे किती भाग आहेत ज्यांची बेरीज के येते?

*पहिली पाच मिनिटं फक्त विचारा.* संख्या ऋण असू शकतात का? यादी किती मोठी? के शून्य असू शकतो का? रिकामी यादी येईल का? यातला पहिला प्रश्न सगळी दिशा ठरवतो. सगळ्या संख्या धन असतील तर सरकती खिडकी चालते: बेरीज कमी पडली की उजवं टोक पुढे, जास्त झाली की डावं टोक पुढे. ऋण संख्या आली की खिडकी वाढवल्यावर बेरीज वाढेलच याची हमी उरत नाही आणि ही पद्धत चुकते. अनेक जण न विचारता खिडकीच लिहितात आणि वीस मिनिटांनी, समोरच्याने एक ऋण संख्या घातल्यावर, सगळं पुसावं लागतं. मुलाखत घेणाऱ्याने ती माहिती मुद्दाम सांगितलेली नसते. तुम्ही विचारता का, हेच तो पाहत असतो.

*मग साधी पद्धत तोंडाने सांगा.* प्रत्येक सुरुवात, प्रत्येक शेवट, बेरीज चालू ठेवायची. एक लाख संख्यांना सुमारे ५०० कोटी जोड्या, म्हणजे वरच्या हिशोबाने ५० सेकंद. ‘हे चालेल पण सावकाश, आता सुधारते’ असं म्हणून पुढे जा. ही पायरी लाजून गाळू नका. पुढचं काही जमलं नाही तरी हाताशी एक बरोबर उत्तर राहतं.

*मग सुधारणा, कारणासकट.* सुरुवातीपासून आतापर्यंतची बेरीज आपण ठेवत जातो, तिला पी म्हणू. आधी कुठेतरी बेरीज पी वजा के होती का? होती, तर त्या जागेपासून इथपर्यंतच्या भागाची बेरीज नेमकी के. म्हणजे आधीच्या प्रत्येक बेरजेची किती वेळा गाठ पडली हे हॅशमॅपमध्ये मोजत गेलं की एका फेरीत काम होतं.

*लिहिण्याआधी हाताने चालवून दाखवा.* यादी १, -१, १ आणि के = १. उत्तर ३ यायला हवं: पहिला १, शेवटचा १ आणि पूर्ण यादी. मॅपमध्ये सुरुवातीलाच ‘बेरीज ०, एकदा’ अशी नोंद ठेवा. पहिल्या घटकानंतर पी = १, हवी ० ची नोंद, ती एक आहे, मोजणी १. दुसऱ्यानंतर पी = ०, हवी -१, नाही. आता ० ची नोंद दोन झाली. तिसऱ्यानंतर पी = १, हवी ०, दोन आहेत, मोजणी ३. सुरुवातीची ती शून्याची नोंद विसरलात तर उत्तर १ येतं. हीच या प्रश्नातली नेहमीची चूक. दुसरी चूक क्रमाची: मॅपमध्ये आधी नोंद करून मग शोधलं, तर के शून्य असताना रिकामा भागही मोजला जातो.

*शेवटी मर्यादा बोला.* एक लाख संख्या, प्रत्येक एक लाखापर्यंत, तर बेरीज १,००० कोटींपर्यंत जाते आणि साध्या इंटमध्ये (बत्तीस बिटांच्या पूर्णांकात) मावत नाही. सगळ्या संख्या शून्य आणि के शून्य असेल तर नुसती मोजणीसुद्धा ५०० कोटींच्या वर जाते, म्हणजे मोजणीलाही लाँगच (चौसष्ट बिटांचा पूर्णांक) हवा. हे न विचारता सांगणारा उमेदवार समोरच्याच्या वहीत वेगळा नोंदला जातो.

हॅशमॅपचं शोधणं सरासरीने स्थिर वेळात होतं, पण नेहमीच नाही. हा पुढचा प्रश्न ठरलेला. सगळ्या कळा (की) एकाच खणात पडल्या तर शोध सरळ रेषेत जातो. जावा ८ पासून एका खणातली साखळी आठच्या पुढे वाढली आणि टेबल पुरेसं मोठं असलं की तिचं झाड केलं जातं, त्यामुळे वाईटातली वाईट वेळही बरीच आटोक्यात राहते.

अडकलात तर? दोन मिनिटांपेक्षा जास्त गप्प बसू नका. ‘सॉर्ट करून बघितलं, पण मग घटकांचा मूळ क्रम मोडतो आणि सलगपणा जातो, म्हणून ते सोडलं’ असं मोठ्याने म्हटलं की समोरून सूचना मिळते. सूचना मिळणं म्हणजे नापास होणं नव्हे. मिळालेली सूचना न ऐकता आपलंच पुढे रेटणं हे मात्र नक्की खटकतं.

सरावासाठी आठवड्यातून तीन वेळा ४५ मिनिटांचं घड्याळ लावा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि ऑटो-कम्प्लीट नसलेल्या साध्या एडिटरमध्ये एक अनोळखी प्रश्न सोडवा. नंतर रेकॉर्डिंग ऐका. कुठे सलग मिनिटभर शांतता आहे ते लिहून काढा. पहिल्या दोन-तीन वेळा ऐकवत नाही, पण या सरावाला दुसरा पर्याय नाही.

एआयची मदत चोरून घेऊ नका. डोळे एका बाजूला वळणं, मधेच थांबून अचानक निर्दोष कोड लिहिणं, आणि ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ या साध्या प्रश्नावर अडखळणं, यातून ते लगेच कळतं. काही कंपन्या आता एआय टूल वापरायची परवानगी देतात. तशी आहे का हे सुरुवातीलाच सरळ विचारा.

६. भाषेचं काय करायचं

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामा नगरात वाढलेल्या मुलांच्या तीन भाषा असतात: घरी मराठी, बाहेर हिंदी, मुलाखतीत इंग्रजी. विचार एका भाषेत आणि बोलणं दुसऱ्या, यात दम लागतो. उपाय फर्डं इंग्रजी शिकणं हा नाही. कोडिंग राऊंडला पंधरा-वीस वाक्यं पुरतात: इनपुटबद्दल विचारायची, पद्धत सांगायची, वेळ आणि जागेचा हिशोब मांडायची, ‘मला एक मिनिट द्या’ म्हणायची. ‘कॅन द नंबर्स बी निगेटिव्ह?’ हे पाच शब्दांचं वाक्य व्याकरणाने नटवलेल्या परिच्छेदापेक्षा जास्त काम करतं. ती वाक्यं लिहून काढा आणि रोज मोठ्याने म्हणा.

पुण्याच्या कंपनीत आडनाव बघून समोरचे सुरुवातीला मराठीत बोलू लागतात. छान मराठीत उत्तर द्या, आपल्या मराठीत हिंदी शब्द येतात याचा संकोच धरू नका. पण तांत्रिक भाग सुरू झाला की त्यांनी इंग्रजी धरली तर तुम्हीही धरा. पॅनेलमध्ये मराठी न समजणारा दुसरा माणूस असू शकतो.

७. एसक्यूएल आणि बाकीचे विषय

ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, ऑब्जेक्ट ओरिएंटेड संकल्पना. व्याख्या पाठ म्हणून दाखवल्या की पुढचा प्रश्न ‘उदाहरण द्या’ हाच असतो, म्हणून प्रत्येक व्याख्येला एक उदाहरण बांधून ठेवा. डेडलॉकच्या चार अटी, प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, टीसीपीची तीन टप्प्यांची हातमिळवणी, ४०१ आणि ४०३ मधला भेद (पहिल्यात तुम्ही कोण हेच सिद्ध झालेलं नाही, दुसऱ्यात ओळख पटली पण परवानगी नाही), इंडेक्समुळे वाचणं जलद आणि लिहिणं सावकाश का होतं, एवढं नीट आलं तर फ्रेशरचं बरंचसं भागतं.

एसक्यूएलकडे (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेकडे) मात्र मुलं दुर्लक्ष करतात आणि तिथे सोपे गुण जातात. प्रत्येक विभागात किती कर्मचारी आहेत ते काढा, एकही नसेल तर शून्य दाखवा, असा प्रश्न घ्या. लेफ्ट जॉइन बहुतेकांना सुचतो, पण काउंटमध्ये तारांकन लिहिलं की रिकाम्या विभागापुढे १ येतो, कारण जॉइनमुळे नल (NULL, म्हणजे किंमतच नाही) भरलेली एक ओळ तिथे असतेच. काउंटमध्ये कर्मचाऱ्याचा आयडी घाला, नल मोजला जात नाही. उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये टाकली की त्या नलच्या ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइन नकळत इनर जॉइन होतो, अट ऑनमध्ये ठेवा. नॉट इनच्या आतल्या क्वेरीत एक जरी नल आला तरी उत्तर रिकामं येतं. आणि दुसरा सर्वांत मोठा पगार काढताना दोघांचा पगार सारखा असेल तर काय, हे आधी विचारा.

८. प्रोजेक्टवरचे प्रश्न

स्वतःच्या प्रोजेक्टवर दोन मिनिटांचं बोलणं तयार ठेवा: अडचण काय होती, रचना कशी, तुमचा भाग कोणता, काय चुकलं. त्यानंतर खोदकाम सुरू होतं. तिकीट बुकिंगचा प्रोजेक्ट असेल तर हमखास विचारतात: शेवटची एकच सीट आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, मग? ‘आधी तपासतो, मग बुक करतो’ हे उत्तर अपुरं, कारण दोघांच्याही तपासणीत सीट मोकळीच दिसेल. ट्रान्झॅक्शनमध्ये त्या सीटची ओळ लॉक करणं, किंवा शो आणि सीट यांच्या जोडीवर युनिक बंधन घालणं, यांपैकी एक कारणासहित सांगता आलं पाहिजे. कुणाचा तयार प्रोजेक्ट उचलून आणलेला असला तर तो इथे पाच मिनिटांत उघडा पडतो.

अनुभवी उमेदवारांना सिस्टिम डिझाइनमध्ये आकड्यांनी सुरुवात करता यावी. दिवसाचे ८६,४०० सेकंद. रोज दहा लाख विनंत्या म्हणजे सेकंदाला सरासरी १२, गर्दीच्या वेळी त्याच्या काही पट. एवढ्यासाठी एक चांगला डेटाबेस पुरतो. हे न मोजता पहिल्याच वाक्यात काफ्का (संदेशांची मोठी रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि शार्डिंग (डेटाबेस तुकड्यांत वाटणं) काढणारा उमेदवार कच्चा वाटतो.

९. मुलाखतीचा दिवस

घरून असेल तर इंटरनेटच्या दोन वाटा ठेवा: वायफाय आणि मोबाइलचा हॉटस्पॉट, दोन्ही आदल्या दिवशी त्याच वेळेला तपासून. घरातला इन्व्हर्टर राउटरच्या सॉकेटला जोडलेला आहे का ते बघा. पावसाळ्यात दिवा चालू आणि राउटर बंद असं होतं. लॅपटॉप पूर्ण चार्ज, इअरफोन वायरचा, पाण्याचा पेला, वही-पेन. कुकरची शिट्टी आणि दाराची बेल यांबद्दल घरच्यांना वेळ सांगून ठेवा. स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन न देता फक्त एक खिडकी द्या.

रंगपंचमीला इंदूरला सुटी असते. पुणे-बंगळुरूच्या कंपनीला ते ठाऊक नसतं आणि ती त्याच दिवशीची वेळ देऊ शकते. राजवाड्याच्या आसपास घर असेल तर गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) गोंगाटात मुलाखत होणार नाही. आधीच कळवून दुसरा दिवस मागा किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला मित्राच्या घरी बसा. वेळ बदलून मागितल्याने कुणी नाकारत नाही, मात्र किमान एक दिवस आधी मागावी.

सुपर कॉरिडॉरला जायचं असेल तर मेट्रोच्या भरवशावर शहरातून निघू नका. ३१ मे २०२५ ला सुरू झालेला पहिला टप्पा हा त्याच भागातला जेमतेम सहा किलोमीटरचा तुकडा आहे. जुन्या शहरातून निघताना कॅब किंवा दुचाकीने अर्धा तास जादा धरा, गेटवर ओळखपत्र आणि बॅगेच्या तपासणीत वेळ जातो. पुण्याला प्रत्यक्ष बोलावलं असेल तर मुलाखतीच्या सकाळी पोचणारी रात्रीची स्लीपर बस घेऊ नका. घाटात अडकलेली बस कोडिंग राऊंडची वाट बघत नाही. एक दिवस आधी पोचा, पुण्यात एखादे काका-मावशी बहुधा निघतातच.

१०. एचआर, पगार आणि ऑफर लेटर

इथे खोटं सांगू नका आणि घाई करू नका. बदलीची तयारी, शिफ्ट, दुसऱ्या ऑफर, बॅकलॉग याबद्दल जे खरं ते.

पॅकेजचा आकडा हातात येत नाही, हे घरच्यांनाही समजावून सांगावं लागतं. सहा लाखांचं सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) घ्या. त्यात ६०,००० व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, हमी नसलेला भाग) आणि मूळ पगार ३ लाख धरू. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३० रुपये. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर असेल तर महिना १,८००, वर्षाला २१,६००. हे सगळं सीटीसीतून वजा केलं की उरतात ५,०३,९७०, महिन्याला सुमारे ४२,०००. त्यातून तुमचा १,८०० पीएफ आणि दोनशे-सव्वादोनशेचा व्यवसाय कर गेला की बँकेत येतात साधारण ४०,०००. पीएफ पूर्ण मूळ पगाराच्या १२ टक्क्यांनी कापत असतील तर साडेसदतीस हजार. पीएफ तुमचाच असतो, पण घरभाडं त्यातून भरता येत नाही. विम्याचा हप्ताही सीटीसीत धरला असेल तर आणखी थोडे कमी.

सही करण्याआधी पत्रात या गोष्टी शोधा: व्हेरिएबल कशावर अवलंबून आहे, जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडल्यास परत द्यावा लागतो, नोटीस पीरियड ३० दिवसांचा की ९०, बाँड असल्यास किती रकमेचा आणि किती काळाचा, कामाचं ठिकाण कोणतं आणि ते कधी बदलू शकतं. काही अस्पष्ट असेल तर ईमेलवर विचारा. फोनवरचं आश्वासन नंतर कुणाला आठवत नाही.

नकार आला तर एचआरला एका ओळीत अभिप्राय मागा, बरेच देत नाहीत, काही देतात. त्याच दिवशी विचारलेले सगळे प्रश्न आणि तुम्ही कुठे अडकलात ते लिहून ठेवा, दोन दिवसांनी अर्धे विसरतात. अनेक कंपन्या पुढचे सहा महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत, म्हणून ती तारीखही त्याच वहीत नोंदवा.

होकार आला आणि तुम्ही आधीच नोकरीत असाल, तर लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. राजीनामा ईमेलने द्या, तो मिळाल्याची पोच घ्या आणि शेवटच्या दिवशी बाहेर पडण्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि यूएएनचा तपशील उतरवून घ्या. कंपनीचा ईमेल त्या संध्याकाळी बंद होतो.